काचेतली मेणबत्ती मध्येच विझते, साच्यातली ओघळते: नेमके काय तपासावे?

परभणी जिल्ह्यातल्या सेलूजवळच्या एका गावातून बचत गटाच्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गटातल्या सहा जणी घरीच मेणबत्त्या करतात. साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या काचेच्या ग्लासात ओतलेली मेणबत्ती तास-दीड तासात मध्ये खोल खड्डा करते, आणि ज्योत त्यात बुडून विझते. ॲल्युमिनियमच्या साच्यातून काढलेल्या जाड मेणबत्त्यांचे मेण एका बाजूने ओघळून ताटलीत साचते. काही मेणबत्त्या तडतडतात, आणि सुगंधी मेणबत्त्यांचा काळा धूर काचेवर बसतो. मेण म्हणजे बाजारातली पॅराफिनची लादी आणि काचेसाठी थोडे सोयावॅक्स, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासूनचे मेण. वात मात्र घरच्या कापसाची, समईच्या वातीसारखी हाताने वळलेली. दिवाळीच्या विक्रीपूर्वी हे दुरुस्त व्हावे, अशी त्यांची अपेक्षा आहे.

ताई, तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत, पण तडतड सोडली तर बाकीच्या तिन्हींचे मूळ बहुतांशी एकच आहे, आणि ते तुमच्या पत्रातल्या अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता सांगितलेल्या वातीत आहे. मी लातूरला सोळा वर्षे मेणबत्त्या करते आणि इतरांनाही शिकवते. ‘मेण खराब निघाले’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांचे मेण चांगले असते आणि वात चुकलेली असते, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

मेणबत्तीत जळते ते घन मेण नव्हे, आणि खरे तर पातळ मेणही नव्हे. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, ते पातळ मेण सुताच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने वर चढते, टोकाशी पोहोचून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मेणबत्ती फुंकून विझवल्यावर पांढऱ्या धुराची जी रेघ वर जाते ती हीच न जळलेली वाफ असते. त्या रेघेला पेटती काडी लावली तर ज्योत रेघेवरून उतरून वात पुन्हा पेटते. म्हणजे ज्योतीला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात, स्वतः जळायचे आणि पुढच्या क्षणाचे इंधन वितळवून ठेवायचे. वात जितके मेण ओढते आणि ज्योत जितके मेण वितळवते त्यांचा मेळ बसला की मेणबत्ती शांत जळते. वितळते जास्त आणि ओढले जाते कमी, तर ज्योत बुडते. ओढले जाते जास्त आणि जळायला हवा अपुरी पडते, तर धूर होतो.

समईत या दोनपैकी एकच काम असते. तेल आधीच पातळ असते, त्यामुळे हलक्या हाताने वळलेली सैल वातसुद्धा तिथे रात्रभर सुखाने जळते. तीच वात मेणात घातली की तिचे दोष उघडे पडतात. हाताने वळलेल्या वातीचा पीळ कुठे घट्ट, कुठे सैल असतो. जिथे सैल तिथे मेण भरपूर चढते आणि ज्योत मोठी होते, जिथे घट्ट तिथे उपासमार होऊन ज्योत आक्रसते. एकाच मेणबत्तीची ज्योत कधी बोटभर आणि कधी मुगाएवढी दिसते, ती यामुळे. शिवाय मेण पातळ झाले की अशी वात मऊ पडून आडवी होते, आणि आडवी झालेली वात स्वतःच्याच तळ्यात बुडते. तुमच्या ग्लासातल्या मेणबत्त्या विझण्यामागे आधी हे आहे, खड्डा नंतर येतो.

पिळलेल्या वातीचा आणखी एक दोष नुसत्या डोळ्यांना लवकर कळत नाही. ती ज्योतीच्या मध्यभागी सरळ उभी राहते. ज्योतीच्या पोटात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून वातीचे टोक तिथे जळून राख होत नाही, नुसते कोळशासारखे होते आणि त्यावर काजळीची गाठ वाढत जाते. आपण समईची काजळी झाडतो तशी पूर्वी युरोपात मेणबत्तीचीही वारंवार छाटावी लागे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये गोफासारखी विणलेली वात आली तेव्हा ती कटकट बरीच कमी झाली, कारण विणलेली वात जळताना एका बाजूला झुकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला, जिथे हवा मिळते तिथे, येते आणि आपोआप राख होऊन जाते. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या वाती विणलेल्या असतात त्याचे कारण हेच आहे.

तुमच्याकडे कापूस घरचा आहे आणि त्याचीच वात असावी ही इच्छा मला समजते. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला कापूस विकत घे म्हणणे तसे अवघडच आहे. तरीही विक्रीच्या मालासाठी माझे स्पष्ट मत आहे की तयार विणलेली, मेण लावलेली आणि खाली चकती बसवलेली वात घ्यावी, कारण शंभर मेणबत्त्यांत शंभर वाती सारख्या असणे हे हाताने वळून साधत नाही. घरगुती वापरासाठी करायचीच असेल तर वळू नका, विणा. एकसारख्या जाडीच्या सुती दोऱ्याचे तीन पदर घेऊन केसांच्या वेणीसारखी घट्ट, पण दगडासारखी नव्हे, अशी वेणी घाला. दोरा शंभर टक्के सुती असावा. पॉलिएस्टरचा अंश असेल तर दोरा जळण्याऐवजी वितळून गोळा होतो, आणि हे तपासायला एक टोक जाळून पाहणे पुरेसे आहे, कारण सुताची राख मऊ होते आणि पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. मग एक कप कोमट पाण्यात दोन मोठे चमचे टाकणखार आणि एक मोठा चमचा मीठ विरघळवून वेण्या त्यात १२ तास भिजवा आणि किमान दोन दिवस कडक वाळवा. टाकणखारामुळे वात संथ जळते, आणि विझवल्यावर तिचे टोक निखाऱ्यासारखे धुमसत राहत नाही. हे भांडे स्वयंपाकात परत वापरू नका आणि टाकणखार मुलांच्या हाती लागू देऊ नका. वाळलेली वात वितळलेल्या मेणात बुडवून, तिच्यातून हवेचे बुडबुडे येणे थांबेपर्यंत ठेवावी, मग काढून ताणून सरळ थंड करावी. ही पायरी पुष्कळ जणी वाचवतात, आणि मग पहिल्यांदा पेटवताना नुसते सूत भसकन जळून जाते.

आता खड्ड्याचे. वातीची जाडी ग्लासाच्या रुंदीला साजेशी नसेल तर वितळलेल्या मेणाचे तळे काचेपर्यंत पोहोचत नाही आणि मध्ये आड खणल्यासारखा खड्डा होतो. याचा तोटा किती मोठा असतो ते मांडून पाहा. साडेसात सेंटिमीटरच्या ग्लासात तळे चारच सेंटिमीटर रुंद होत असेल, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने जळणारे मेण २८ टक्के भरते आणि बाकीचे ७२ टक्के काचेला चिकटून राहते. म्हणजे ग्राहकाने पाव किलो मेणाचे पैसे दिले, तर त्यातले जेमतेम ७० ग्रॅम त्याच्या उपयोगी पडले. दुसऱ्यांदा तो तुमच्याकडे येणार नाही.

वात किती जाड हवी याचे एकच कोष्टक मी देणार नाही, कारण मेण, सुगंध, रंग आणि ग्लासाचा आकार यांपैकी काहीही बदलले की उत्तर बदलते. दुकानदार सांगतो तो वातीचा क्रमांक सुरुवात करण्यापुरता ठीक असतो, त्यापुढे चाचणी करावीच लागते. एकाच घाण्यातले मेण एकाच प्रकारच्या तीन ग्लासांत ओता आणि तिन्हींत लागोपाठच्या तीन जाडीच्या वाती बसवा. ग्लासाच्या बुडाशी कोणती वात आहे ते लिहून ठेवा. पॅराफिन असेल तर दोन दिवस आणि सोयावॅक्स असेल तर किमान आठवडा, शक्य तर दोन, थांबून मगच पेटवा; काल ओतलेल्या सोयावॅक्सच्या मेणबत्तीवरून काढलेला निष्कर्ष पुढच्या आठवड्यात खोटा ठरतो, हे मी पैसे घालवून शिकले आहे. पेटवण्यापूर्वी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्लासाचे वजन घ्या, आणि दर तासाला तळ्याची रुंदी, ज्योतीची उंची, काजळी आणि काचेचा गरमपणा वहीत नोंदवा.

व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, या हिशेबाने तुमच्या ग्लासात तीन तासांच्या आसपास तळे काचेला टेकले पाहिजे. दीड तासातच टेकले आणि तळ्याची खोली सव्वा सेंटिमीटरच्या पुढे गेली तर वात जाड आहे. चार तासांनीही कडेला मेण उभे असेल तर बारीक आहे. पहिल्या वेळी एखाद-दोन मिलिमीटरची कड राहिली तर मी ती सोडून देते, कारण मेणबत्ती अर्ध्यावर आल्यावर काच उष्णता धरून ठेवते आणि तीच वात खाली जास्त रुंद वितळवते. वरच्या थराला अगदी परिपूर्ण वाटणारी वात तळाशी गेल्यावर बहुधा जाड ठरते. ज्योत अडीच सेंटिमीटरच्या जवळपास, स्थिर आणि टोकाला धूर न सोडणारी असावी. ग्लास हातात धरवत नसेल इतका तापला, तर ती वात दिसायला कितीही छान जळत असली तरी बाद करावी. तीन तासांनी विझवून पुन्हा वजन करा. तुमच्या मापाच्या ग्लासात तासाला चार-पाच ग्रॅम मेण जळत असेल तर मला ते ठीक वाटते. ग्लास नऊ सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर एका जाड वातीऐवजी दोन बारीक वाती घालाव्यात, कारण एकच जाड वात धूर करते आणि तरी कोपरे सोडते.

योग्य वात असूनही खड्डा पडण्याचे एक कारण ग्राहकाच्या घरात असते. वीज गेली, मेणबत्ती पेटवली, वीस मिनिटांत वीज आली, विझवली. आपल्याकडे हे रोजचे आहे. पण पहिल्याच वेळी मेणबत्ती अशी थोडकी जाळली तर तिच्यात अरुंद वर्तुळ पडते, आणि पुढच्या वेळी ज्योत त्याच वर्तुळात खाली खाली जाते. म्हणून काचेच्या मेणबत्तीसोबत ‘पहिल्यांदा सलग तीन तास जाळावी, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नको, दर वेळी वात कापावी’ एवढी चिठ्ठी द्या, आणि वीज गेल्यावर वापरायला वेगळी, साधी, बारीक उभी मेणबत्ती विका. ज्या ग्लासांत आड पडलाच आहे ते टाकू नका. ग्लासाच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइलची कड आतल्या बाजूने छपरासारखी वळवून, मध्ये चार-पाच सेंटिमीटरचे भोक ठेवून, मेणबत्ती तासभर जाळा. फॉइल उष्णता परत खाली फेकते आणि कडेचे मेण वितळून सपाट होते. ती चालू असताना शेजारी बसून राहा, आणि फॉइल काढताना चिमटा वापरा. बुडालेली वात सोडवायची असेल तर ज्योत विझवून, तळ्यातले एक-दोन चमचे पातळ मेण टिपकागदाने शोषून घेतले की वात पुन्हा डोके वर काढते.

चाचणीच्या वेळी पंखा बंद ठेवा, हे सांगायला लागू नये, पण लागते. छताच्या पंख्याखाली जगातली कोणतीही मेणबत्ती एका बाजूने जास्त वितळते, धूर सोडते आणि ओघळते. आमच्याकडे एक बाई सलग तीन महिने वाती बदलत होत्या, आणि दोष खोलीच्या खिडकीत होता.

हवामानाचे मात्र खरोखरच बघावे लागते, आणि पुण्या-मुंबईच्या पद्धती जशाच्या तशा इथे चालत नाहीत. परभणीत डिसेंबरच्या पहाटे खोलीत १०-१२ अंश असतात आणि मे महिन्याच्या दुपारी ४० च्या वर. पॅराफिन वितळते ५८-६० अंशांना. एक ग्रॅम मेण वितळवायला सुमारे २०० ज्यूल उष्णता लागते, ती दोन्ही ऋतूंत तेवढीच लागते; पण त्याआधी मेण वितळणबिंदूपर्यंत तापवायला थंडीत शंभराच्या वर ज्यूल लागतात, तर उन्हाळ्यात चाळीस-पन्नास पुरतात. म्हणजे एकूण उष्णतेत जवळपास पाव हिस्सा फरक पडतो. थंडीत बरोबर ठरलेली वात उन्हाळ्यात जाड वाटते ती यामुळे. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एक वात आणि मार्चनंतर तिच्याहून एक क्रमांक बारीक वात वापरते. दिवाळीचा माल ऑक्टोबरच्या उन्हात तपासून नोव्हेंबरच्या गारव्यात जळणार असेल, तर दोन वातींमध्ये मन घुटमळत असताना जाडीकडे झुकणे बरे. काचेसाठी मिळणारे मऊ सोयावॅक्स तर ४६-५० अंशांनाच वितळते, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत ठेवलेला माल एप्रिलमध्ये वरून घाम फुटल्यासारखा तेलकट होतो. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात म्हणून कोणी घाण्याचे सोयातेल मेणात घालून पाहते. तसे करू नका. सोयावॅक्स हे हायड्रोजन मिसळून घट्ट केलेले तेल असते, साध्या तेलाने मेण नुसते मऊ होते.

साच्यातल्या जाड मेणबत्तीचे गणित काचेच्या उलट आहे. काचेत तळे कडेपर्यंत जायला हवे. उभ्या मेणबत्तीत ते कडेच्या पाच ते आठ मिलिमीटर अलीकडेच थांबायला हवे, म्हणजे बाहेरची भिंत उभी राहते आणि मेण आत साठते. भिंत फुटली की ओघळ आलाच. तुम्ही दोन्ही प्रकारांत एकच वात वापरत असाल तर काचेत बारीक आणि साच्यात जाड, असे दोन्हीकडे चुकणे शक्य आहे. एकाच बाजूने ओघळ येत असेल तर आधी वात मध्यावर आहे का ते मोजा. दोन भागांच्या साच्यात वात वरच्या खाचेतून ताणून गुंडाळली नाही तर गरम मेण ओतताच ती सैल होऊन सरकते, आणि चार मिलिमीटर सरकलेली वातसुद्धा एका बाजूची भिंत फोडायला पुरेशी होते.

ओघळाचे दुसरे कारण पोटातली पोकळी. पॅराफिन पातळाचे घन होताना १० ते १५ टक्के आकसते, बाहेरून आत थंड होत जाते, त्यामुळे शेवटची पोकळी वातीभोवतीच राहते. वरून गुळगुळीत दिसणारी मेणबत्ती अर्ध्यावर आल्यावर अचानक भसकन खाली बसते किंवा साठलेले मेण एकदम बाहेर सोडते, ती या पोकळीमुळे. मेणावर साय धरली पण आत अजून मऊ आहे अशा वेळी वातीच्या शेजारी विणकामाच्या सुईने तीन-चार खोल भोके पाडावीत, आणि पहिल्यापेक्षा किंचित गरम मेण पुन्हा भरावे. मोठ्या साच्यात हे दोनदा करावे लागते. घाईने गार व्हावे म्हणून साचा लगेच गार पाण्यात ठेवला तर पोकळी वाढते. निदान पहिला अर्धा तास तो हवेत राहू द्या.

तिसरे कारण मेणाचे. लादी दिसायला सारखी असली तरी कमी शुद्ध केलेल्या पॅराफिनमध्ये तेलाचा अंश जास्त असतो. असे मेण लवकर मऊ होते, धूर करते आणि उन्हाळ्यात वाकते. एका वर्षी मी स्वस्त मिळाल्या म्हणून दोन पोती लाद्या घेतल्या, आणि लग्नासाठी दिलेल्या लांब मेणबत्त्या दुपारच्या मांडवात नमस्कार केल्यासारख्या वाकल्या. तेव्हापासून प्रत्येक नव्या लादीचा तुकडा किसून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेत गुंडाळून, वरवंट्याखाली रात्रभर ठेवते. सकाळी कागदावर पारदर्शक तेलकट डाग दिसला तर ती लादी उभ्या मेणबत्त्यांना वापरत नाही. चांगल्या मेणातही किलोमागे १०० ग्रॅम स्टिअरिक ॲसिड घातले तर मेणबत्ती कडक होते, साच्यातून सहज सुटते आणि ओघळ कमी होतो. मात्र स्टिअरिक ॲसिड घातलेले मेण कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात वितळवू नका. ते तांब्याशी संयोग पावून हिरवट साबणासारखा पदार्थ होतो, रंग बिघडतो आणि तोच गाळ वातीत अडकतो. स्टीलचे भांडे सर्वांत बरे.

तडतडीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, ते पाणी आहे. पाणी १०० अंशांना उकळते आणि ज्योतीजवळचे मेण त्याहून कितीतरी गरम असते, म्हणून वातीतला एक थेंबही फुटतो. तुमच्याकडे ते साचा पाण्यात बुडवताना खालच्या वातीच्या भोकातून आत जात असावे. ते भोक मेणाच्या गोळीने बुजवा, पाण्याची पातळी साच्याच्या अर्ध्यावर ठेवा, आणि दुसऱ्या भांड्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ मेणात पडू देऊ नका. अर्धवट वाळलेली टाकणखाराची वात आणि गुलाबपाणी हेही नेहमीचे गुन्हेगार.

सुगंधी मेणबत्तीच्या काळ्या धुराला सुगंधाचे प्रमाण आणि रंग ही दोन कारणे स्वतंत्रपणे तपासावीत. वास जास्त यावा म्हणून तेल वाढवणे हा मोह सर्वांनाच होतो, पण पॅराफिन साधारण ३ ते ६ टक्क्यांपेक्षा जास्त सुगंधी तेल धरून ठेवत नाही. उरलेले तेल वातीतून जसेच्या तसे वर जाते, नीट जळत नाही आणि काजळी होते. किलोभर मेणाला ४० ग्रॅमपासून सुरुवात करा, चमच्याने नव्हे तर वजनाने मोजून. मेण ७० अंशांच्या आसपास आल्यावर तेल घाला आणि दोन मिनिटे हळू ढवळा. मेणबत्तीसाठीच बनवलेले सुगंधी तेल घ्या. कपड्यांवर मारायचा परफ्यूम अल्कोहोलमध्ये असतो, तो मेणात मिसळत नाही आणि गरम मेणाजवळ त्याची वाफ पेट घेऊ शकते. जड, गोडसर वासांच्या तेलांना थोडी जाड वात लागते, म्हणून बिनवासाच्या मेणबत्तीवर ठरवलेली वात सुगंधी मेणबत्तीला आपोआप लागू धरू नका.

रंगासाठी हळद, कुंकू, रांगोळीचे रंग, गुलाल किंवा मुलांचे मेणखडू वापरत असाल तर ते आजच बंद करा. हे सगळे न विरघळणारे चूर्ण आहे. ते पातळ मेणाबरोबर वातीत चढते, मेण जळून जाते आणि चूर्ण मागे राहते, मग तासाभरात वात तुंबते. मजा अशी की तुंबलेली वात आधी धूर करते आणि मग बारीक होऊन विझते, त्यामुळे माणूस एका वेळी वात जाड करतो, दुसऱ्या वेळी बारीक, आणि दोष रंगात राहून जातो. मेणात विरघळणारा तेलातला रंग वेगळा मिळतो आणि तो किलोला एखादा ग्रॅमही पुरेसा होतो. जुन्या मेणबत्त्यांचे तुकडे पुन्हा वितळवत असाल तर मेण जुन्या सुती कापडातून गाळून घ्या. जळक्या वातीचे तुकडे आणि काड्या तळाशी राहिल्या की त्याच दुसऱ्या वातीसारख्या पेटतात.

तुम्ही विचारले नाही, पण पत्रासोबतच्या छायाचित्रात मेणावर वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि दालचिनी दिसते, आणि मागे नारळाच्या करवंट्या. पाकळी तळ्यात तरंगत ज्योतीपाशी गेली की तीच वात होते आणि पाहता पाहता सगळा पृष्ठभाग पेटतो. सजावट ग्लासाच्या बाहेरून करा. करवंटी स्वतः जळते, ती विकू नका. बिनलेपाची मातीची पणती मेण शोषून घेते आणि कधी कधी तिची कडच पेटते, तिला आतून जलरोधक, न जळणारा लेप असेल तरच वापरा. ग्लासात तळाशी सेंटिमीटरभर मेण उरले की ती मेणबत्ती संपली असे चिठ्ठीत लिहा, कारण चकतीजवळ पोहोचलेली ज्योत काच तडकवते. वितळवताना मेणाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर झाकण ठेवा, पाणी कदापि ओतू नका.

दिवाळीला वेळ थोडा आहे, म्हणून सगळे एकदम बदलू नका, नाहीतर कशाने सुधारले ते कळणार नाही. या आठवड्यात फक्त विणलेल्या वातींचे तीन क्रमांक मागवा आणि बिनरंगी, बिनवासाच्या पॅराफिनवर काचेची एक आणि साच्याची एक चाचणी घ्या. दुसऱ्या आठवड्यात जिंकलेल्या वातीवर सुगंध घाला, तिसऱ्यात रंग. सोयावॅक्सला मुरायला वेळ लागतो, त्यामुळे ते या वर्षी बाजूला ठेवावे असे मला वाटते. तीन तासांनंतरची तळ्याची रुंदी, तळ्याची खोली आणि जळलेले वजन हे तीन आकडे प्रत्येक वातीसमोर लिहून पाठवा, आणि चाचणी कोणत्या वेळी घेतली तेही, म्हणजे सकाळची की दुपारची ते मला लक्षात घेता येईल.